डिमसम कुठं चांगलं मिळतं?

बारावीनंतर बाहेरगावी गेलेल्या मित्रमैत्रिणींचा आमचा एक ग्रुप आहे. त्यावर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच : इथं चांगलं डिमसम कुठं मिळतं? शहर बदलतं, कधी पुणे, कधी बेंगळुरू, कधी हैदराबाद, पण प्रश्न तोच. उत्तरंही धडाधड येतात. कुणी मॉलमधल्या रेस्टॉरंटचं नाव टाकतं, कुणी साडेचार स्टारचा स्क्रीनशॉट. अलीकडं त्यात सूप डम्पलिंगची भर पडलीय, कारण चमच्यात फुटणारी ती पांढरी पुरचुंडी रीलमध्ये सगळ्यांनी पाहिलीय.

मला वाटतं, हा प्रश्न अर्धाच आहे. 'कुठं मिळतं' याच्या आधी 'कुणाला ते रोज लागतं' हे विचारायला हवं. ज्या शहरात डिमसम हा कुणाचा तरी साधा सकाळचा नाश्ता आहे, तिथं ते चांगलं मिळतं. जिथं ती माणसं नाहीत, किंवा होती आणि आपण त्यांना टिकू दिलं नाही, तिथं मेन्यूकार्डावर नाव तेवढं उरतं. हे जरा मोठं विधान वाटेल, म्हणून नीट सांगतो.

आधी डिमसम म्हणजे काय ते बघू. आपल्याकडं मोमोसारखं काहीतरी, वाफवलेलं, एवढीच समजूत असते. पण डिमसम हा एक पदार्थ नव्हे. ग्वांगझू, म्हणजे जुनं कँटन, आणि हाँगकाँग या भागातल्या चहाबरोबरच्या छोट्या खाण्याला मिळून ते नाव आहे. तिथले लोक 'डिमसम खायला चला' म्हणण्यापेक्षा 'याम चा' म्हणतात, म्हणजे चहा प्यायला चला. (आपला 'चहा' हा शब्दसुद्धा मूळचा तिकडचाच.) मुख्य चहा, आणि त्याच्याबरोबर बांबूच्या टोपल्यांमधून येणारे दोन-तीन घास : कोळंबीचं हार गाव, वरून उघडं असलेलं शिउमाय, आत गोडसर भाजलेलं पोर्क असलेला चार सिऊ बाओ. म्हातारी माणसं सकाळी पेपर घेऊन बसतात. किटलीतला चहा संपला की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर न सांगता गरम पाणी भरून जातो. कुणी आपल्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटक करायची, झाले आभार. थोडक्यात, आपल्याकडं चौकातल्या हॉटेलात इडली-वडा आणि अर्धा चहा घेऊन तासभर बसणारे काका असतात ना, त्यातलाच हा प्रकार.

सूप डम्पलिंगचं घराणं वेगळं. त्याचं नाव शियाओलोंगबाओ, म्हणजे छोट्या टोपलीतला बाओ. तो दक्षिणेतल्या कँटनचा नसून शांघायकडचा, आणि शांघायजवळच्या नानशियांग या गावाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यात सूप कसं भरतात, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. सूप भरतच नाहीत. डुकराची कातडी आणि हाडं तासन् तास उकळून त्याचा दाट रस काढायचा आणि थंड करायचा. मग तो थिजतो. ज्यांच्या घरी पायाचं सूप होतं त्यांना हे सांगायला नको. रात्री उरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची थरथरणारी वडी झालेली असते. ती वडी बारीक करून खिम्यात मिसळायची, गव्हाच्या पातळ पारीत भरायची, वर चुण्या घालून तोंड मिटायचं आणि वाफेवर ठेवायचं. वाफेत वडी वितळते आणि आतच सूप होतं.

उकडीचे मोदक करणाऱ्या कुणालाही यातली अडचण लगेच कळेल. पारी जाड ठेवली तर नुसतं पीठ लागतं, पातळ केली तर फुटते. कळ्या जिथं एकत्र येतात तिथं गोळा राहिला तर तो कच्चाच लागतो. शेजारच्या काकू पहिली दोन वर्षं मला मोदकाला हात लावू देत नव्हत्या, त्याचं कारण हेच. त्यात मोदक निदान थोडा वेळ थांबतो, वर साजूक तूप घातलं की काम भागतं. शियाओलोंगबाओ थांबत नाही. टोपली टेबलावर आली की त्याचं घड्याळ सुरू होतं. गार होता होता पारी आतलं सूप पिऊन टाकते, खाली चिकटते आणि उचलताना फाटते. म्हणून तो चमच्यात घ्यायचा, कडेला बारीक चावा घ्यायचा, आधी रस ओढायचा, मग आल्याचे तुकडे घातलेल्या काळ्या व्हिनेगरबरोबर बाकीचं खायचं. डब्यातून, स्कूटरवरून, अर्ध्या तासानं घरी येणारा शियाओलोंगबाओ म्हणजे बाबूच्या छत्रीतून गळालेला पाऊस : होता म्हणायचं फक्त.

आता चांगला कुठला हे ठरवायचं कसं? शांघायमध्ये राहणाऱ्या ख्रिस्तोफर सेंट कॅव्हिश या अमेरिकन लेखकानं २०१५ मध्ये यावर एक भन्नाट काम प्रसिद्ध केलं. तो शहरातल्या ५२ ठिकाणी वजनकाटा, कात्री आणि जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन गेला. प्रत्येक डम्पलिंग कापून सूप किती, सारण किती, पारी किती जाड हे मोजलं आणि एका सूत्रानं गुण दिले : सूप आणि सारणाचं वजन जास्त आणि पारी पातळ, तितका अंक वर. वाचताना हसू येतं, पण सूत्र खोटं नाही. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ५२ हा आकडा. मोजायला ५२ ठिकाणं असणं हीच खरी श्रीमंती आहे. तिथलं गिऱ्हाईक लहानपणापासून हेच खात आलेलं असतं. पारी जाड झाली तर ते काही बोलत नाही, पुढच्या रविवारी दुसऱ्या गल्लीत जातं. दुकानदाराला सरळ ठेवणारी ताकद ती आहे. आपल्या शहरांत एका चकचकीत रेस्टॉरंटला ती ताकद कुठून मिळणार? तिथं येणारे दहापैकी नऊ जण आयुष्यात पहिल्यांदा खात असतात. आपण तुलना करणार कशाशी? रीलशी.

भारतात असं गिऱ्हाईक एका शहरात होतं आणि थोडंफार अजून आहे : कोलकाता. अठराव्या शतकाच्या शेवटी आच्यू नावाचा एक चिनी माणूस हुगळीच्या काठावर आला, त्यानं ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचं आचिपूर हे गाव आजही आहे. त्याच्यामागून आणखी लोक आले, बहुतेक दक्षिण चीनमधले. कँटोनीज लोकांत सुतार पुष्कळ होते, हक्का लोकांनी चामडं आणि चपला-बुटांचा धंदा धरला. 'हक्का नूडल्स' आपण रोज म्हणतो. हक्का हे त्या माणसांचं नाव आहे हे किती जणांना माहीत असतं?

म्हणूनच कोलकात्यात शियाओलोंगबाओ शोधत फिरण्यात फारसा अर्थ नाही. त्या बोटीतून शांघायचं स्वयंपाकघर आलंच नव्हतं, कँटनचं आणि हक्कांचं आलं. शहरात काय चांगलं मिळेल हे कोण कुठून आलं यावर ठरतं. तिथं मागायचं ते शिउमाय आणि बाओ.

मागच्या वर्षी जानेवारीत वादविवाद स्पर्धेसाठी आमची टीम कोलकात्याला गेली होती. रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि माझा एक मित्र टिरेटी बाजारला गेलो. पोद्दार कोर्टाच्या मागचा, आठवड्याच्या एरवी गाड्या लावायचा तो रस्ता. फूटपाथवर ॲल्युमिनियमचे मजल्या-मजल्यांचे वाफेचे डबे मांडलेले, बाजूला भाजीवाले, मासेवाले, मधूनच चिनी सॉसेजच्या माळा. एका आजींकडून आम्ही शिउमाय घेतले. त्या माझ्या मित्राशी बंगालीत बोलल्या, माझ्याशी हिंदीत, आणि मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांशी त्यांच्या भाषेत. कागदी बशी, वर तिखट सॉस, उभ्यानं खायचं. पारी खूप पातळ होती असं नाही, कॅलिपर लावला असता तर गुण बेताचेच पडले असते. पण आत पोर्क खरोखर हातानं चिरलेलं होतं, वाफ नाकात जात होती आणि साडेसातला डबा रिकामा. जी चव रोजच्या माणसासाठी असते तिला एक निवांतपणा असतो. ती तुमच्यावर छाप पाडायला जात नाही.

तिथंच जवळ सी इप चर्च आहे. मला आधी वाटलं, बरं झालं, सकाळची मिस्सा इथंच करू. आत गेल्यावर करुणेची देवी क्वान यिन! कोलकात्यात चिनी देवळांना 'चर्च' म्हणायची जुनी पद्धत आहे; सी इप १९०५ चं, तूंग ऑन तिथून जवळच, ज्याच्या तळमजल्यावर एके काळी नानकिंग हे नावाजलेलं रेस्टॉरंट होतं. प्रार्थनेची जागा, वरच्या मजल्यावर मंडळ आणि खाली खानावळ. परक्या गावात वस्ती अशीच उभी राहते. बेळगावात किंवा हैदराबादेत मराठी मंडळं, वाचनालयं आणि खानावळी काढणाऱ्या आपल्या पणजोबांना हा नकाशा लगेच ओळखू आला असता.

मग ती वस्ती गेली कुठं? १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, ज्यांत भारतात जन्मलेलेही होते, पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. आसाम आणि बंगालच्या डोंगराळ भागातली घरंच्या घरं उचलली गेली, म्हातारी आणि लेकरांसकट. गुन्हा शाबीत करायचा प्रश्नच नव्हता. काही जण चार-पाच वर्षं तिथंच राहिले. सुटून आले तेव्हा पुष्कळांची घरं आणि दुकानं गेलेली होती. ज्यांना जमलं ते पुढं कॅनडाला, विशेषतः टोरांटोला गेले. मग १९९६ मध्ये प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं टँगऱ्यातले चामड्याचे कारखाने हलवायला सांगितलं. नदी वाचवायला हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण वस्तीचा मुख्य धंदा गेला. काहींनी कारखान्यांच्या जागी रेस्टॉरंटं काढली, मुलं बाहेर पडली. टिरेटी बाजारात आज डबे मांडणारे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी आहेत, आणि त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे.

म्हणजे 'चांगलं डिमसम कुठं मिळतं' याचं एक उत्तर 'टोरांटोत' असंही आहे, आणि ते उत्तर आपणच तयार केलंय.

इथं एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. पदार्थ कुणाच्या मालकीचा नसतो. हात चांगला असेल तर कुणीही करील. अगदी मान्य. मोठ्या शहरांतल्या किती तरी हॉटेलांत डिमसमच्या चुण्या घालणारी मुलं दार्जिलिंगची, मणिपूरची, नेपाळची असतात आणि त्यांचा हात कुठल्याही चिनी आचाऱ्याला खाली बघायला लावील. हार गावची पारदर्शक पारी लाटायची आणि तिला सात ते दहा चुण्या घालायच्या, हे कसब शिकून येतं, जन्मानं नाही. माझा मुद्दा रक्ताचा नाहीच, टिकण्याचा आहे. कसब टिकतं ते रोज खाणाऱ्या, चुका काढणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसांच्या मधे. आणि ज्या हातांनी आपण खातो, त्या हातांना आपण रस्त्यात काय म्हणतो तेही बघूया. २०२० मध्ये साथ आली तेव्हा ईशान्येकडच्या मुलामुलींना शहराशहरांत 'चिनी' म्हणून हिणवलं गेलं, घरमालकांनी घरं सोडायला सांगितलं. त्याच जूनमध्ये गलवानची चकमक झाली आणि केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ आणि ते विकणाऱ्या रेस्टॉरंटांवर बंदी घालायची मागणी केली. तेव्हा टँगऱ्यातले भारतीय चिनी लोक आपल्या सैन्याला पाठिंबा द्यायला फलक घेऊन रस्त्यावर उतरले. पाच-सहा पिढ्या इथं काढल्यावरही आपण इथले आहोत हे फलकावर लिहून दाखवावं लागतं, याचं मला वाईट वाटलं. आपल्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर मात्र त्या दिवसांतही 'चायनीज'ची पाटी होतीच.

त्या गाड्याला मी नावं ठेवत नाही. गोबी मंचुरी हा आपला पदार्थ आहे. त्याचा थोरला भाऊ चिकन मंचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी केला असं सांगतात, आणि वाँग मूळचे कोलकात्याचे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीतल्या घातक लाल रंगावर बंदी घातली, ती चांगलीच गोष्ट झाली. गोबी तरीही राहिली, कारण ती इथल्या लोकांना रोज लागते. म्हणजे माझाच नियम पुन्हा खरा ठरला. बेळगावात सगळ्यात चोख 'चायनीज' कुठलं म्हणाल तर गोबी, कारण तिच्या चुका काढणारं गिऱ्हाईक गल्लोगल्ली आहे.

आणि वाफवलेलंच हवं असेल तर हुबळीपलीकडं मुंडगोडला जा. १९६६ पासून तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथले मोमो हे डिमसम नव्हेत आणि त्यांना चिनी म्हणू नका. ती माणसं कशासाठी घर सोडून आलीत ते आठवा. पण तिथं मोमो हे कुणाचं तरी घरचं जेवण आहे. म्हणून ते चांगले आहेत.

हे सगळं मला इतकं का लागतं? कारण आमच्या गल्लीत मी लहान असताना ख्रिसमसच्या आधी सात-आठ घरांत नेवऱ्या आणि कुलकुल व्हायची. सगळ्या बायका एका घरी जमायच्या, कुणाची नेवरी तेलात फुटली की आठवडाभर तिची थट्टा चालायची. आता दोन घरांत होतात, बाकीचे बेकरीतून आणतात. नेवऱ्या मिळतात, पण थट्टा करणारं कुणी उरलं नाही, आणि कडा जाड झाल्यात. आपल्यापैकी जे इंदूरला, बडोद्याला, हैदराबादेला वाढलेत त्यांना आपापल्या घरातलं असं एखादं उदाहरण आठवेल. लहान वस्तीची चव अशीच जाते. बंदी वगैरे काही लागत नाही.

तर पुन्हा ग्रुपवर प्रश्न आला की माझं उत्तर तयार आहे. सकाळी जा, रात्री दहाला मिळणाऱ्या डिमसमवर पैसे घालू नका. ज्या ठिकाणी दहाच पदार्थ आहेत तिथं बसा, ज्याच्या कार्डावर शंभर आहेत तिथं फ्रीझर मोठा असतो. पार्सल घेऊ नका. शहरात कँटनची माणसं आली असतील तर शिउमाय मागा, शांघायचा शेफ असेल तर शियाओलोंगबाओ. वाढणाऱ्याला गाव विचारा, पण 'तुम्ही मूळचे कुठले' या सुरात नाही. आणि कोलकात्याला गेलात तर रविवारी साडेपाचला उठा. त्या आजी अजून येत असतील तर दोन बशा घ्या, गरम असतानाच खा, आणि पारी जाड झाली असेल तर तसं तोंडावर सांगा. त्यांना आवडेल.